ॲडम गुड्सला मेडलं कोट्यातून मिळाली नाहीत

परवा सिडनीहून बहिणीचा फोन आला. तिचा नऊ वर्षांचा मुलगा फूटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल खेळतो, सिडनी स्वान्स क्लबची लाल-पांढरी जर्सी घालतो, पाठीवर ३७, ॲडम गुड्सचा नंबर. गुड्स हा स्वान्सचा निवृत्त खेळाडू, ऑस्ट्रेलियातला मूलनिवासी. त्यांच्या मराठी ग्रुपवर त्याच्याबद्दल एक मेसेज फिरतोय, आणि कुणीतरी तो पोरांसमोरच वाचून दाखवला. "मामा, तो चीटिंग करायचा का?" भाच्याने विचारलं आणि माझं डोकंच फिरलं.

मेसेजचा सूर असा: मूलनिवासी म्हणून त्याला कोट्यातून मेडलं दिली, तो पडण्याचं नाटक करायचा म्हणून लोक हुर्यो उडवायचे, एका तेरा वर्षांच्या मुलीचं त्याने आयुष्य नासवलं, प्रेक्षकांवर भाला फेकला आणि शेवटी रडत खेळ सोडला.

कोट्याचं आधी. हा शब्द आपल्याच माणसाने इथून तिकडे नेलाय, हे ऐकताक्षणी कळलं. ब्राउनलो मेडल, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, कुठली समिती बसून वाटत नाही. प्रत्येक साखळी सामन्यानंतर मैदानावरचे अंपायर तीन, दोन आणि एक अशी मतं देतात, ती बंद राहतात आणि मोसम संपल्यावर सगळ्यांसमोर मोजतात. २००३ मध्ये गुड्स, नेथन बकली आणि मार्क रिचिउटो या तिघांची २२-२२ मतं झाली, मेडल तिघांना मिळालं. २००६ मध्ये २६ मतं घेऊन तो एकटा जिंकला. २०१२ च्या फायनलमध्ये गुडघ्याचा लिगामेंट दुखावलेला असताना तो मैदानावर थांबला आणि चौथ्या क्वार्टरमध्ये गोल मारला. स्वान्सकडून ३७२ सामने तो खेळला. यात कोटा कुठे बसतो?

आता ती मुलगी. हा मुद्दा सगळ्यात वाईट, कारण तो सरळ उलटा सांगितलाय. २४ मे २०१३, मेलबर्नचं एमसीजी मैदान, समोर कॉलिंगवूडचा संघ. सीमेजवळ त्याला "एप", म्हणजे माकड, अशी हाक ऐकू आली. तो थांबला, वळला आणि सुरक्षारक्षकाला बोट करून दाखवलं. हाक मारणारी तेरा वर्षांची आहे हे त्याला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी पत्रकारांसमोर तो काय म्हणाला? मी तिला दोष देत नाही, तिला आधाराची गरज आहे. मुलीने फोन करून माफी मागितली, तिच्यावर कसला खटला झाला नाही. उलट, त्याच रात्री त्याची माफी मागणारे कॉलिंगवूडचे तेव्हाचे अध्यक्ष एडी मॅग्वायर पाच दिवसांत रेडिओवर किंग काँग या गोरिलाच्या जाहिरातीशी त्याचं नाव जोडून बसले. मेसेजमध्ये यातलं अक्षरही नाही.

भाला? २९ मे २०१५ ला कार्ल्टनविरुद्ध गोल मारून त्याने युद्धनृत्य केलं आणि भाला फेकल्याचा आविर्भाव केला. हात रिकामे होते. हे नृत्य त्याने मूलनिवासी मुलांच्या 'फ्लाइंग बूमरँग्ज' या संघाकडून घेतलं होतं.

पडण्याच्या नाटकाचं एवढं मान्य करतो: फ्री किक मिळवायला तो सहज पडतो, अशी तक्रार विरोधी समर्थकांची होती. असेल. पण फ्री किकसाठी पडणारे इतरही होतेच, त्यांच्यामागे कुणी गावोगावच्या मैदानांवर असं हात धुऊन लागलं नाही. हुर्यो वाढली ती तो वर्णद्वेषावर बोलायला लागल्यावर, २०१४ चा 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' झाल्यावर. हे माझं म्हणणं नाही. जून २०१९ मध्ये एएफएल (या खेळाची राष्ट्रीय लीग) आणि तिच्या सगळ्या अठरा क्लबांनी त्याची बिनशर्त माफी मागितली, आणि त्याच्याबाबतीत जे घडलं तो वर्णद्वेष होता असं म्हटलं. ज्यांच्या मैदानांवर हे झालं तेच कबूल करतायत, तर पुण्या-सिडनीतल्या काका लोकांनी कशाचा बचाव करायचा?

आणि रडत सोडला वगैरे खोटं. २०१५ मध्ये पर्थच्या सामन्यात खूप हुर्यो झाली, त्यानंतर तो एक सामना बाहेर बसला, परत आला, सप्टेंबर २०१५ मध्ये स्वान्स बाद होईपर्यंत खेळला. २०२१ मध्ये या खेळाच्या हॉल ऑफ फेमचा मान देऊ केला, तो त्यानेच नाकारला.

भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं. मेसेज वाचून दाखवणाऱ्या काकांनी त्या पोरांना पुन्हा गोळा करून हे वाचून दाखवावं.