‘चर्च फक्त आपल्याच माणसांचं बघतं’ या फॉरवर्डला जरा लांबलचक उत्तर

एक मेसेज सध्या फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा, की चर्च म्हणजे बंद क्लब, मदत फक्त सभासदांना. बाहेरच्यांना मदत करायचं खूळ अलीकडचं, इमेज सुधारायला काढलेलं. बाहेरच्याला दिलेल्या प्रत्येक घासामागे धर्मांतराचा गळ. पैसा सगळा इमारतींत जातो, फुकटच्या शिध्याने लोक आळशी होतात, आणि मुळात हे काम सरकारचं, चर्चने लुडबुड करू नये. खाली अर्थातच ‘पुढे पाठवा’. यातल्या एका मुद्द्यात दम आहे, एका-दोनात अर्धामुर्धा, बाकीचे हवेत सोडलेत, पण सगळे एका दमात म्हटले की सुक्याबरोबर ओलंही जळतं, म्हणून एकेक घेऊया.

‘मदत फक्त सभासदांना.’ याला आधारच नाही असं नाही हां. बायबलमध्ये गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात पौल (ख्रिस्ती धर्माचा अगदी सुरुवातीचा प्रचारक) म्हणतो की सगळ्यांचं बरं करा, आणि विशेषतः आपल्या विश्वासातल्या लोकांचं. म्हणजे घरच्यांना झुकतं माप आहे हे उघड आहे. इ.स. २५१ च्या सुमाराला रोमचा बिशप कॉर्नेलियस एका पत्रात हिशोब देतो की इथलं चर्च १,५०० पेक्षा जास्त विधवा आणि गरजूंना पोसतंय, आणि त्यातले बहुतेक चर्चच्या मंडळीतलेच असणार. पण मेसेज लिहिणारा इथेच थांबतो, आणि जवळपास त्याच वर्षांत उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये काय झालं ते सोडून देतो. तिथे साथ आली होती, लोक घरातल्या आजाऱ्यांना टाकून पळत होते, रस्त्यात प्रेतं पडली होती, आणि तिथला बिशप सिप्रियन याने मंडळीला गोळा करून सांगितलं की नुसती आपल्या माणसांची काळजी घेतली तर त्यात नवल ते काय, बाहेरच्यांचंही करा. ज्याच्याकडे पैसा त्याने पैसा दिला, ज्याच्याकडे नाही त्याने अंगमेहनत केली, असं त्याचं चरित्र लिहिणारा पाँटियस सांगतो. आणि हे ‘बाहेरचे’ कोण होते बघा, थोड्याच वर्षांपूर्वी, २५० मध्ये, सम्राट डेसियसच्या हुकमाने ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू झाला तेव्हा याच शहरातला जमाव ‘सिप्रियनला सिंहापुढे टाका’ म्हणून ओरडत होता.

आता कोणी म्हणेल चरित्र त्याच्याच हाताखालच्या माणसाने लिहिलंय, तो कौतुक करणारच. मान्य. म्हणून ‘हे खूळ अलीकडचं’ या दुसऱ्या मुद्द्याला चर्चच्या शत्रूलाच साक्षीला बोलावतो.

रोमन सम्राट ज्युलियन, राज्य ३६१ ते ३६३. लहानपणी ख्रिस्ती म्हणून वाढला, नंतर ते सोडून जुन्या देवांची पूजा परत उभी करायला निघाला. त्याचं एक पत्र सगळे उद्धृत करतात, त्यात तो आपल्या पुजाऱ्याला झापतो की हे गॅलिलीवाले (म्हणजे ख्रिस्ती) स्वतःचे गरीब तर पोसतातच पण आपलेही पोसतात, आणि आपण काय करतो? मग परक्या वाटसरूंसाठी आणि भिकाऱ्यांसाठी धान्य आणि दारूचा कोटा मंजूर करतो. या पत्राच्या अस्सलपणावर काही अभ्यासकांनी शंका घेतलीय, तेव्हा ते बाजूला ठेवलं तरी चालेल, कारण त्याने स्वतः अँटिओक शहराची उणीदुणी काढणारा एक लेख ३६३ मध्ये लिहिला तो शिल्लक आहे. त्यात तक्रार अशी की तुमच्या बायका घरातलं सगळं उचलून गॅलिलीवाल्यांना नेऊन देतात, तुमच्याच पैशाने गरिबांना जेवू घालतात, आणि ते बघून गरजू लोक भारावून जातात. सोळाशे वर्षं झाली या तक्रारीला. त्यानंतर दहा-एक वर्षांत कैसरिया शहराबाहेर (आजच्या तुर्कस्तानातलं कायसेरी) बिशप बेसिलने आजारी, वाटसरू आणि कुष्ठरोग्यांसाठी इतकी मोठी वसाहत उभी केली की त्याच्या मित्राने तिला नवं शहरच म्हटलं. इमेजसाठी केलं असेल तर फारच आधीपासून तयारी केली म्हणायची!

पण ज्युलियनचं ते वाक्य नीट वाचलं तर तिसऱ्या मुद्द्याची, गळाची, बाजूही त्यातूनच निघते. गरजू भारावतात, म्हणजे देणाऱ्याकडे ओढले जातात, हे त्याने बरोबर हेरलं होतं. मेसेजमधला हाच मुद्दा दमाचा आहे आणि तो उडवून लावणाऱ्यांशी माझं जमत नाही. आयर्लंडमध्ये १८४० च्या दशकात बटाट्याचं पीक सडून दुष्काळ पडला तेव्हा काही प्रोटेस्टंट मिशनांनी कॅथलिक भुकेल्यांना सूप दिलं ते बायबल-शिकवणीच्या अटीवर. ज्या घरांनी ते घेतलं त्यांना गावकरी नंतर कित्येक वर्षं टोमणे मारायचे, मारणारे आणि खाणारे दोघेही ख्रिस्तीच. त्याच दुष्काळात क्वेकर या छोट्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनीही सूप वाटलं, अट न घालता, आणि त्यांचं नाव आजही तिथे आदराने घेतात. अमेरिकेत जेवणाआधी प्रवचनाला बसावंच लागतं अशी काही बेघरांसाठीची मिशन्स आजही आहेत. भुकेल्या माणसासमोर ताट धरून त्याला काय मानतोस विचारणं हा माझ्या मते नीचपणा आहे, मग ते कोणीही करो.

फक्त ‘प्रत्येक घासामागे’ हे कुठून आलं? देणाऱ्याच्या मनात काय चाललंय ते तुम्हालाही दिसत नाही मलाही नाही, पण दारावरची अट दिसते, ती तपासता येते. १९९४ मध्ये रेड क्रॉस आणि मोठ्या मदत-संस्थांनी आपत्तीत काम करायची एक आचारसंहिता केली, त्यात लिहिलंय की मदत वंश, धर्म, राष्ट्र न बघता फक्त गरजेवरून द्यायची आणि कुठल्याही धार्मिक किंवा राजकीय मतप्रचारासाठी वापरायची नाही, आणि ती तयार करणाऱ्यांत कॅरिटास इंटरनॅशनालिस, ल्यूथरन वर्ल्ड फेडरेशन, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या चर्चवाल्याच संस्था होत्या. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीही २००५ च्या आपल्या पत्रात स्पष्ट म्हटलंय की चर्चच्या नावाने सेवा करणाऱ्याने आपला विश्वास दुसऱ्यावर लादू नये.

कागदावरचं सोडा म्हणाल तर ब्रिटनमधली फूड बँक, म्हणजे अडचणीतल्यांना फुकट शिधा देणारं केंद्र, घ्या. ट्रसेल नावाच्या संस्थेचं जाळं आहे, पहिली फूड बँक सॉल्सबरीत २००० मध्ये निघाली, ख्रिस्ती लोकांनी काढलेली, आणि अनेक ठिकाणी चालते चर्चच्या हॉलमध्ये. तिथे जायला डॉक्टर, शाळा, सोशल वर्कर किंवा सल्ला केंद्र असं कोणीतरी व्हाउचर द्यावं लागतं, म्हणजे कोण खरंच अडचणीत आहे हे ठरवणारा माणूस बऱ्याचदा चर्चचा नसतोच. व्हाउचरवर घरात मोठे किती, मुलं किती, अडचण कशाने आली एवढं असतं. मग टेबलावर चहा, आणि व्हॉलंटियर यादी घेऊन बसते, काय खाऊन त्रास होतो का, घरी शेगडी चालू आहे का, गॅस-विजेच्या प्रीपेड मीटरमध्ये पैसे आहेत का. शेगडी नसली तर वेगळा बॉक्स देतात, नुसतं किटलीतलं गरम पाणी ओतून खाता येईल अशा वस्तूंचा. आता असा बॉक्स कोणाला सुचेल? जो समोरच्याच्या स्वयंपाकघराचा विचार करतो त्याला. काही ठिकाणी ‘तुमच्यासाठी प्रार्थना करू का’ असंही विचारतात, कोणाला ते खटकतं आणि खटकलं तर त्यात चूक नाही, पण नको म्हटल्याने पिशवी रिकामी होत नाही.

पैसा इमारतींत जातो, हा मुद्दा अर्धा खरा. अमेरिकेत १९९८ पासून दर काही वर्षांनी चर्च आणि इतर प्रार्थनास्थळांची मोठी पाहणी होते, तिच्यातूनही हेच दिसतं की बहुतेक ठिकाणची समाजसेवा आकाराने छोटी, मुख्यतः अन्नवाटपाची, आणि बजेटचा मोठा हिस्सा पगार आणि इमारतीचा. लहान चर्चचं तर घरचं झालं थोडं असंच असतं. पण ती इमारत म्हणजे काय हे विसरू नका, बरेच दिवस रिकामा पडून असलेला हॉल, संडास, स्वयंपाकघर. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात सात चर्चेस मिळून बेघरांचं रात्रीचं निवारा केंद्र चालवायची पद्धत रुळली, प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्यातली एक रात्र, गाद्या आणि पाहुणे रोज पुढच्या हॉलमध्ये. एकट्या चर्चला रोजचं झेपलं नसतं. (एका हॉलमध्ये सगळे झोपणार म्हणून २०२० मध्ये कोविडने हीच व्यवस्था बंद पाडली, ती गोष्ट वेगळी.)

आळशीपणाबद्दल काय बोलायचं! फूड बँकेची पिशवी असते साधारण तीन दिवसांची. तीन दिवसांच्या डबाबंद बीन्ससाठी नोकरी सोडणारा माणूस मला तरी दाखवा.

राहिलं सरकार. इथे मेसेजवाला ज्यांच्याशी भांडतोय ते आधीच त्याच्या बाजूने बोलतायत. ट्रसेलचं जाहीर ध्येयच हे की फूड बँकेची गरज राहू नये, आणि त्यासाठी ते सरकारकडे भत्ते वाढवा म्हणून सतत मागे लागलेले असतात. उलट जर्मनीत सरकार आणि चर्च अशी वाटणीच उरली नाही. १८९७ मध्ये सुरू झालेली कॅथलिकांची कॅरिटास आणि प्रोटेस्टंटांची डायकोनी या दोन संस्था तिथे दवाखाने, वृद्धाश्रम, बालवाड्या चालवतात, एकट्या कॅरिटासकडे सुमारे ७ लाख लोक कामाला आहेत, दारात येणाऱ्या पेशंटला धर्म विचारत नाहीत, आणि खर्चातला बहुतेक पैसा येतो सरकारी आणि विम्याच्या तिजोरीतून. तेव्हा त्या सगळ्याचं श्रेय चर्चच्या दानपेटीला देऊ नका, हे मी चर्चवाल्यांनाही सांगेन.

आणि टीकाच करायची तर तिथे चांगला मुद्दा पडून आहे. मदत घेणाऱ्याला धर्म विचारत नाहीत पण नोकरी मागणाऱ्याला विचारायचे. डायकोनीच्या एका संस्थेने वंशभेदविरोधी करारावर अहवाल लिहायच्या पोस्टसाठी चर्चचं सभासदत्व मागितलं, एक बाई कोर्टात गेली, आणि २०१८ मध्ये युरोपियन युनियनच्या कोर्टाने सांगितलं की कामाला खरंच लागत असेल तरच अशी अट चालेल आणि ते कोर्ट तपासणार. तो वाद पुढेही चालू राहिला. पब्लिकच्या पैशावर चालणाऱ्या दवाखान्यात कोणाला नोकरी मिळावी, यावर मेसेज बनवला असता तर मीही पुढे पाठवला असता.