“ताई, काठावरून ओरडू नका”: स्पष्टवक्ते यांना उत्तर

स्पष्टवक्ते (खरं नाव लिहायचं तुम्ही टाळलंत, म्हणून हेच वापरते),

अमेरिकेत भूल देणारी नर्स होण्याच्या कोर्सची मिळालेली जागा मी का सोडली, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नाइट ड्यूटी संपवून घरी आल्यावर वाचली. दोनदा. मग झोप काही लागेना, तेव्हा उत्तर जरा लांबणार आहे.

आधी तुमचं बरोबर आहे ते. सीआरएनए, म्हणजे भूल देणारी नर्स, होण्यासाठी विद्यार्थ्याला किमान ५५० केसेस कराव्या लागतात असं मी लिहिलं होतं. तो आकडा जुना. आता किमान ६०० केसेस आणि २००० तास क्लिनिकल. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. “एवढंही माहीत नसेल तर लिहिता कशाला” ही पुढची ओळ नसती तरीही केली असती.

आता तुमचं ते वाक्य, जसंच्या तसं: “ताई, जी स्वतः पाण्यात उतरली नाही तिने काठावरून ओरडून दुसऱ्यांना घाबरवू नये.” पुढे सात हसरे चेहरे. मोजले मी.

ताई म्हणायचं आणि त्याच दमात टपली मारायची, ही तऱ्हा माझ्या चांगल्या ओळखीची आहे. मिरजेला बीएस्सी नर्सिंग करताना वॉर्डात रोज ऐकायचे, “सिस्टर, तुम्हाला नाही कळायचं ते.” तेव्हा गप्प बसायचे. आता बसत नाही.

उतरले नाही म्हणता? सात वर्षं हृदयशस्त्रक्रियेच्या आयसीयूत काढली. सीसीआरएन, म्हणजे आयसीयू नर्सची प्रमाणपत्र परीक्षा, पास झाले. आपल्याकडची बायोकेमिस्ट्री जुनी झाली म्हणाले, म्हणून अडतिसाव्या वर्षी कम्युनिटी कॉलेजात एकोणीस वर्षांच्या पोरांशेजारी बसून तीच पुन्हा शिकले, नाइट करून, सकाळी, डोळे ताणून. पहिल्या वर्षी मुलाखतीलाही बोलावलं नाही. दुसऱ्या वर्षी बोलावलं, नॉरएपिनेफ्रिन हे रक्तदाब वाढवणारं औषध शरीरात कुठल्या रिसेप्टरवर काम करतं इथपासून सोलून काढलं, आणि जागा दिली. पंधराशे डॉलर अनामत भरली. ती गेली, कारण जागा मी सोडली.

का सोडली तेच तर त्या लेखात होतं. पण तुम्ही बहुधा पहिल्या दोन परिच्छेदांवर थांबलात, म्हणून परत सांगते. त्या प्रोग्रामच्या वेबसाइटवर कोर्सनंतरच्या सीआरएनए परीक्षेत पहिल्या प्रयत्नात पास होणाऱ्यांचं प्रमाण शंभर टक्के, ठळक अक्षरात. निकाल आणि गळती (मधेच कोर्स सोडणाऱ्यांचं प्रमाण) दोन्ही जाहीर करायचं बंधन या प्रोग्राम्सवर असतं. गळती होतीही, पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, दोन वर्षांपूर्वीची. म्हणून मी फोटो मोजले. विद्यार्थ्यांना पांढरा कोट देतात त्या व्हाइट कोटच्या समारंभात २४ चेहरे, त्याच बॅचच्या पदवीदानात १७. सात जण कुठे गेले? कुणाला बाळ झालं असेल, कुणी मागच्या बॅचला गेलं असेल, मान्य. संचालकांना ईमेल करून सरळ विचारलं. उत्तर आलं, “आमच्या विद्यार्थ्यांचा आम्हाला अभिमान आहे.” अहो, जे परीक्षेपर्यंत पोचलेच नाहीत ते नापास होतील कसे? मधेच गळालेल्याच्या डोक्यावर कर्ज मात्र राहतं. २०२२ पासून नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टरेटच करावी लागते, म्हणजे ३६ महिने, आणि त्यात नोकरी करणं जवळपास अशक्य.

तुम्ही पाण्याची गोष्ट काढलीत म्हणून सांगते, मी कृष्णाकाठची आहे. पावसाळ्यात सांगलीला आयर्विन पुलाजवळची नदीची पातळी किती फूट झाली ते विचारून माणसं सामान माळ्यावर चढवतात. त्यांना कुणी भित्रं म्हणत नाही. आणि मी काठावर नव्हतेच. कमरेइतक्या पाण्यात जाऊन, पायाने तळ चाचपून मागे फिरले. हे ज्याला काठावरून ओरडणं वाटतं त्याने खुशाल सूर मारावा.

बाकीचं थोडक्यात. शिकण्याच्या काळात बुडालेला पगार मी मोजला आणि नंतरचा दोन लाख डॉलरच्या वरचा पगार मोजला नाही, असं तुम्ही म्हणता. तो हिशेब इंटरनेटवर ढिगाने पडलाय, मला त्यात शिरायचं नाही. आयसीयूचा एक वर्षाचा अनुभव पुरतो? नियमात पुरतो. तुमच्या शेजारी मुलाखतीला कोण बसलंय ते बघा म्हणजे कळेल. आणि १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणासाठीचं सरकारी कर्ज, बंद, ही काही मी घाबरवायला रचलेली गोष्ट नाही. कायदा २०२५ सालीच झाला. रागवायचं तर तिकडे रागवा.

राहता राहिलं “जळफळाट” हे तुमचं निदान. त्याला मी उत्तर देणार नव्हते. पण ज्या मैत्रिणीला मी स्वतः शिफारसपत्राचा मसुदा करून दिला, ती आज सीआरएनए आहे. दिवाळीला फराळ करायला माझ्याच स्वयंपाकघरात येते. विचारा तिला.

तुम्हाला जागा मिळाल्याचं लिहिलंय. अभिनंदन, अगदी मनापासून. तिथे सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत नळी घालणं) आणि ब्लॉक (शरीराचा एखादाच भाग बधिर करणं) विद्यार्थ्यांच्या हाताला लागतात की रेसिडेंट्सच्या, म्हणजे शिकाऊ डॉक्टरांच्या, मागे उभं राहून बघायचे असतात, हे विचारलंत का? लेखातला सगळ्यात मोठा भाग त्यावर होता आणि तुमच्या प्रतिक्रियेत त्याबद्दल एक अक्षर नाही. असो.

दुपारचे बारा वाजत आले, संध्याकाळी सातला पुन्हा ड्यूटी आहे. उत्तर जरूर लिहा, पण नावानिशी. हसऱ्या चेहऱ्यांच्या प्रतिक्रिया यापुढे मंजूर करणार नाही.