मांजर पाळू नका, नुसतं पोसा

उजव्या हातावर चार ओरखडे आणि अंगठ्याच्या मुळाशी दोन दात, एवढ्या भांडवलावर हा सल्ला देतोय. रेबीजच्या पाचातली तिसरी सुई काल झाली. तेव्हा तुमचा अधिकार काय, असं कुणी विचारू नये.

बेळगावात आमच्या शहापुरात, आणि तुमच्या वडगावात, अनगोळात, खासबागेतसुद्धा, गल्लीतली मांजरं सांभाळायची एक सिद्ध पद्धत आहे. ती कुणी लिहून ठेवलेली नाही. म्हटलं आपण लिहावी. पुढच्या पिढीच्या हातावरही चार वण असू देत.

सुरुवात नावाने करा. मनी, सोनी, चिमी, काहीही. नाव ठेवलं की माया दिसते. फक्त ती कुणाला चावली की हे नाव आपण कधी ऐकलेलंच नाही, असा चेहरा करता आला पाहिजे. आरशासमोर सराव करा.

मग खाऊ घाला. रविवारी बांगड्यांची डोकी, एरवी दूध. मोठ्या मांजराला गाईम्हशीचं दूध पुष्कळदा पचत नाही, हगवण लागते. पण द्यायचं दूधच, आणि ते शेजाऱ्याच्या पायरीशी. म्हणजे पुण्य तुमच्या खात्यावर आणि हगवण त्याच्या. मांजरं पाच असली तरी ताटली एकच ठेवा, आणि ही एकमेकांना एवढी का बोचकारतात म्हणून नंतर हळहळा.

बोक्याचं काय करायचं, असं विचारता? काही करू नका. बोक्याचं काम सरळ असतं. रात्री दोन वाजता कौलांवर दोघे समोरासमोर बसतात, तान्हं पोर रडावं तसा सूर लावतात, मग दहा-बारा कौलं सरकतात. पावसाळ्यात ती कुठे सरकली ते सकाळी अंथरुणावरून कळतं. नंतर विजेता खाली उतरतो, शेपटी वर करतो आणि तुमच्या स्कूटरच्या सीटवर एक फवारा मारतो. हद्द ठरली! आपलं महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीचं भांडण 1956 पासून चाललंय, 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. बोक्याचा निकाल एका रात्रीत लागतो आणि त्यावर अपील नाही. नसबंदी केली तर काही आठवड्यांत बोक्याच्या मारामाऱ्या आणि फवारे दोन्ही बहुधा कमी होतात. पण हे गल्लीच्या कट्ट्यावर बोलू नका. मी बोललो. तिथले पुरुष असे बघायला लागले, जणू सुरी त्यांच्यासाठीच पाजळून आणलीय.

दारात निळीच्या पाण्याची बाटली ठेवा. आमच्या गल्लीत बारा आहेत. सोनी त्यातल्या एकीला रोज पाठ घासते.

फिनेल मात्र सढळ हाताने ओता. मांजर पाय चाटून साफ करतं, तेव्हा ते फिनेल पोटात जातं आणि त्याला बाधतं. पण आपण विष थोडंच घातलं? आपण पायरी धुतली. उघड मारायचं नाही, कारण मांजर मारलं की काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, आणि सोन्याचा भाव तुम्हाला ठाऊक आहे. भारतीय न्याय संहितेचं 325 कलम पाच वर्षांपर्यंतची कैद सांगतं. त्याला कुणी भीत नाही. भीती आहे ती सराफाची.

आता मुख्य उपाय. पोतं.

पिल्लं झाली, डोळे उघडले, म्यांव म्यांव सुरू झालं की पोतं काढा. तांदळाचं चांगलं, सिमेंटचं नको, त्याची धूळ आपल्या नाकात जाते. सुतळीने तोंड बांधा, स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये ठेवा, वरून रेनकोट सोडा. आणि रात्री साडेदहानंतर तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडे निघा. पलीकडचे लोक आपली पोती घेऊन इकडे येतच असतात. सगळ्यांनी एक रात्र ठरवली तर तिथेच अदलाबदल करून लवकर घरी झोपायला जाता येईल. पेट्रोल तरी वाचेल. पोतं सोडताना मागे बघायचं नाही, आणि "इथे हॉटेल आहे, यांचं पोट भरेल" असं बायकोला सांगायचं. ती विश्वास ठेवत नाही, पण तिलाही झोपायचं असतं.

मोठं मांजर सोडलंत तर ते चार दिवसांनी परत येऊन तुमच्याकडे असं बघतं की तुम्हीच पाहुणे. पिल्लं येत नाहीत. त्यांतली निम्मी कुत्र्यांना जातात, आणखी काही त्या पावसात. आणि एखादं उरतं. दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंतच्या दिवसांत मांजर शिकतं, माणसाचा हात म्हणजे काय. त्या दिवसांत हात फिरला तर ते मांडीवर येतं. नाही फिरला तर जन्मभर फिस्कारतं. आणि आपण त्या दिवसांत त्याला काय दाखवतो? पोतं, झाडू, पोरांनी भिरकावलेले खडे. एका दिवाळीत आमच्या गल्लीतल्या दोन राजकुमारांनी पिल्लाच्या शेपटीला फटाक्यांची माळ बांधली, तेव्हा त्यांचे वडील दारात उभे राहून हसत होते. मग चार-पाच महिन्यांत त्या उरलेल्या एकीला पोट दिसायला लागतं. हो, चार-पाच महिन्यांत! जेमतेम नऊ आठवड्यांनी ती विते. वर्षात दोनदा, कधी तीनदा. अंगावर पिणारी पिल्लं असतानाच पुन्हा गाभण राहते. आणि आपण कट्ट्यावर बसून म्हणतो, हल्ली मांजरं फार झाली बा, आणि अंगावर येतात. अंगावर नाही येणार तर काय हळदीकुंकवाला येतील?

असो. मी सल्ला देत होतो.

जखमेचा उपचार. माझं झालं असं, की गणपती महिन्यावर आला म्हणून आरासीचं खोकं काढायला माळ्यावर चढलो. दिव्यांची माळ चालते का बघावं म्हटलं. खोक्यात माळ होती, थर्मोकोलचं मखर होतं आणि त्या मखरात सोनी बाळंत झालेली होती. तीन पिल्लं, डोळे नुकते किलकिले झालेले. मी हात आत घातला आणि मग हात माझा राहिला नाही.

खाली उतरेपर्यंत अर्धी गल्ली जमली. एकीने हळद आणली. दुसऱ्याने चुना. निपाणीचे आमचे व्याही योगायोगाने घरात होते. त्यांनी चंचीतली तंबाखू चोळायची तयारी केली. निपाणीचा माणूस, दुसरं काय काढणार? ज्या गावात वॅक्सिन डेपो आहे, जिथे एके काळी देवीची लस तयार होत होती, त्या गावात 'नळाखाली साबणाने धू' एवढं फक्त एका कॉलेजच्या पोरीला सुचलं. पंधरा मिनिटं, वाहत्या पाण्याखाली. तेवढ्यात तिसऱ्या मिनिटाला नळ गेला. आमचा नळ किती दिवसांनी येतो आणि किती वेळ राहतो ते तुम्हाला सांगायला नको. उरलेली बारा मिनिटं तांब्याने.

आणि आमच्या पायरीशी रोज दूध ठेवणाऱ्या काकू, ज्यांनी सोनीचं नाव सोनी ठेवलं, त्या दारातून म्हणाल्या, "आवो, पिल्लं हाईत की तिला. तुम्ही हात कशाला घातलासा?"

माझ्या माळ्यावर. माझ्या खोक्यात.

"काकू, मांजर तुमचं ना?"

"छे वो! ते कुठलं आमचं? गल्लीचं हाय ते."

दवाखान्यात डॉक्टरांनी दात रुतलेत हे बघून जखमेतच एक इंजेक्शन दिलं. ते कसं दुखतं ते मी इथे लिहीत नाही, घरात बायकामुलं वाचतात. मग लसीच्या तारखा दिल्या: आज, तिसरा दिवस, सातवा, चौदावा, अठ्ठाविसावा. वर सांगितलं, दहा दिवस मांजरीवर नजर ठेवा. आज आठवा. ती ठणठणीत आहे, माझ्यापेक्षा. मांजरापासूनही रेबीज होतो आणि एकदा लक्षणं दिसली की जवळजवळ कुणी वाचत नाही. हे मी कट्ट्यावर सांगितलं तर एक जण म्हणाला, "ते कुत्र्याचं असतंय. मांजराचं काय नसतंय." बरं.

सरकारदरबारी जायचं असेल तर जरूर जा, करमणूक होते. एका कार्यालयाच्या खिडकीशी दीड तास उभा राहिलो. कन्नडात मांजर म्हणजे बेक्कु, पाहिजे म्हणजे बेकु, आणि काय म्हणजे एनु. बेक्कुतल्या त्या जास्तीच्या एका 'क'वर माझी सकाळ गेली.

"एनु बेकु?" साहेब.

"बेक्कु, सर."

"अदे, एनु बेकु?"

"बेक्कु!"

शेवटी कळलं की धरून न्यायची गाडी आहे ती कुत्र्यांसाठी. अर्ज कन्नडमध्ये, आणि त्यात मांजराला रकाना नाही. "कुत्रं म्हणून लिहा की," मागच्या रांगेतला म्हणाला. मी जवळजवळ लिहिलं होतं.

आता सरळ बोलतो, कारण हात ठणकतोय.

तुम्ही दूध घालता ना? मग ते तुमचं आहे. सोनी दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी पोत्यातून आमच्या गल्लीत आली, काकूंनी तिला बांगड्यावर मोठी केली, आणि दोन वर्षांत पाच वेळा ती व्याली तरी एकाही माणसाने तिला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं नाही. पोसायला सगळे, पाळायला कुणी नाही. पुण्य पाहिजे, पावती नको. आणि ज्यांना मांजर नको त्यांनी तरी काय केलं? दगड मारले. दगड खाल्लेलं मांजर शहाणं होतं असं कुणी शिकवलं तुम्हाला? ते दबा धरून बसतं, आणि मग दगड न मारणाऱ्या माणसाचा हात फोडतं. लाज वाटायला पाहिजे आपल्याला. आपल्याला म्हणतोय मी, कारण गेल्या वर्षीच्या श्रावणात ते रेनकोटाखालचं पोतं घेऊन तिसऱ्या गेटापलीकडे मीच गेलो होतो. त्यात तीन होती, सोनीचीच. मागे बघितलं नाही. माझ्या हातावर तिने जे लिहिलंय ते तिने आठवून लिहिलं असं मी म्हणत नाही, पण मला वाचता येतं.

डॉक्टरांशी बोललोय. पिल्लं दोन महिन्यांची होऊन दूध सुटलं की सोनीला न्यायचं. पिंजरा मागून आणायचा, एक दिवस आधी त्यातच खायला ठेवायचं म्हणजे ती आपणहून आत जाते. गुंगीत असतानाच डाव्या कानाचं टोक छाटतात, म्हणजे नसबंदी झाली हे लांबून कळतं आणि पुन्हा कुणी पकडत नाही. तोवर खोकं हलवायचं नाही. पिल्लांना मी लांबून खायला ठेवणार आहे, मग जवळून, मग हातातून. चामड्याचा हातमोजा आणलाय. दोन्ही बोक्यांचं तोवर उरकून घेऊ.

खर्च आहे. येत्या रविवारी संध्याकाळी पाचला मी वही घेऊन गल्लीत निघणार आहे. गणपतीची पट्टी देताना ज्यांची नावं मोठ्या आवाजात वाचलेली आवडतात, त्यांची इथेही मोठ्यानेच वाचीन. काकू, पहिलं नाव तुमचं लिहून ठेवलंय. दुसरं माझं. बांगडे लवकर आटपा आणि दार उघडं ठेवा.