पाच टक्के दिव्यांग निधीतून एक खेळ बसवा

३ डिसेंबर, जागतिक दिव्यांग दिन आला की जिल्ह्याच्या गावी मंडप पडतो. लेकरांना जीपमध्ये, टेम्पोत घालून सकाळीच आणून बसवतात. पाहुणे उन्हं चढल्यावर येतात. मग दीपप्रज्वलन, सत्कार, भाषणं, आणि उरलेल्या वेळात लिंबू-चमचा, संगीत खुर्ची, शंभर मीटर. बिस्किटपुडा, प्रमाणपत्र, फोटो. पुढच्या डिसेंबरपर्यंत विषय बंद.

कार्यक्रमाला माझी ना नाही. कितीतरी आयांना वर्षातून तेवढंच घराबाहेर पडायला मिळतं, चार आया एकमेकींशी बोलतात, तेवढ्यासाठी तरी तो व्हावाच. पण सेरेब्रल पाल्सीचं लेकरू त्या एका दिवशीसुद्धा खेळत नाही, हे कुणी बघितलंय का? व्हीलचेअरवरच्या पोरानं संगीत खुर्ची कशी खेळायची? ज्याची बोटं चमच्याभोवती वळतच नाहीत त्यानं लिंबू कसं न्यायचं? तो पहिल्या रांगेत बसतो आणि दुसऱ्यांची शर्यत बघतो. 'दिव्यांगांच्या क्रीडा स्पर्धा' असं बॅनर डोक्यावर घेऊन.

मी परभणी जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत शिकवते आणि माझ्या पुतण्याला सेरेब्रल पाल्सी आहे. त्यामुळं हा विषय मला दोन्हीकडून दिसतो. शाळेत खेळाचा तास असला की असं लेकरू दप्तरं आणि चपला सांभाळायला बसतं. फार झालं तर 'तू अंपायर'. अंपायरचं कुणी ऐकत नाही ते वेगळंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बाळ पोटात असताना, जन्मताना किंवा जन्मल्यावर थोड्याच काळात मेंदूला इजा होते, त्यातून सेरेब्रल पाल्सी येते. बाळ फार लवकर जन्मलं, कावीळ डोक्यात गेली, अशी कारणं असतात. कधीकधी कारण सापडतच नाही. ती इजा पुढं वाढत नाही, पण शरीरावर तिचा हुकूम आयुष्यभर चालतो. कुणाचे स्नायू ताठ, कुणाचे हातपाय आपोआप वळवळतात, कुणाचा तोलच राहत नाही. आमच्याकडं लोक विचारतात, "वारं गेलंय का हो?" किंवा "पोलिओ ना?" बोलणं अडखळतं, लाळ गळते, म्हणून सरळ 'येडं' ठरवून मोकळे. काहींना बौद्धिक अपंगत्वही असतं, पण सगळ्यांना नसतं. माझ्या पुतण्याला आयपीएलचा पॉइंट टेबल तोंडपाठ आहे. सांगायला त्याला वेळ लागतो, आणि ऐकणारा तेवढा वेळ थांबत नाही.

या लेकरांच्या आयुष्यात खेळ म्हणून काही उरूच देत नाहीत, सगळ्याची फिजिओथेरपी करून टाकतात. चेंडू उचलला की "हां, बोटांचा व्यायाम झाला". पाण्यात उतरला की "स्नायू सैल होतात बघा". व्यायाम लागतोच, तो चुकवू नये. पण खेळ म्हणजे हरणं, चिडणं, "तू रडीचा डाव खेळायलास" म्हणून भांडणं, आणि उद्या पुन्हा तिथंच जाणं. दहा-बारा वर्षांच्या पोराला हे मिळत नसेल तर त्याच्या बालपणातून फार मोठी गोष्ट आपण काढून घेतलीय, आणि डॉक्टरांच्या फाइलमध्ये ती कुठं लिहिलेली नसते.

बोचा नावाचा एक खेळ आहे. मूळ सेरेब्रल पाल्सीच्या खेळाडूंसाठीच तो बसवला गेला. १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे, आणि ऑलिम्पिकमध्ये त्याला जोड नाही. साडेबारा मीटर लांब, सहा मीटर रुंद गुळगुळीत जमीन. एक पांढरा चेंडू आधी टाकायचा, मग सहा लाल विरुद्ध सहा निळे. ज्याचा चेंडू पांढऱ्याच्या जास्त जवळ, त्याला गुण. हातानं टाका, पायानं ढकला. तेही जमत नसेल तर उतरत्या पन्हाळीवरून सोडा. हात चालत नसेल तर डोक्याला बांधलेल्या काडीनं सोडा. पन्हाळीवाल्या गटात एक मदतनीस असतो, पण त्यानं मैदानाकडं पाठ करून बसायचं. खेळाडू सांगेल तशी पन्हाळ डावी-उजवी सरकवायची, बघायचं मात्र नाही. डोकं खेळाडूनंच चालवायचं, हे नियमातच बसवलंय. मला हा नियम फार आवडतो.

चामडी चेंडूंचा स्पर्धेचा संच महाग पडतो. आम्ही जुन्या मोज्यांत ज्वारी भरून शिवून घेतली. आई ओरडली, "खायची ज्वारी मोज्यात भरायलाव व्हय गं?" मग चाळणीखालची किडकी घेतली. पन्हाळ म्हणजे बोअरवेलवाल्याकडं पडलेला चार इंची पाइप, उभा चिरलेला, एका टोकाला स्टुलावर टेकवलेला. शाळेच्या हॉलमध्ये चुन्यानं रेघा मारल्या. मी पाठ करून बसले, पुतण्या मागून सांगतोय, "थो...डं... डावीक... नाय, लई झालं!" मी नकळत मान वळवली तर असा खेकसला की विचारू नका. "आत्या! बघायलीस!" त्याच्या आयुष्यात दुसऱ्यानं नियम मोडला म्हणून ओरडायची संधी त्याला पहिल्यांदा मिळाली असावी. आणि त्या दिवशी पाचवीतल्या एका पोरीनं त्याला हरवलं, तर जेवताना त्यानं तोंड पाडलं होतं. वहिनी काळजीत, मी मात्र खूश.

एक बारकी गोष्ट, बघणाऱ्यांसाठी. स्नायू ताठ असलेल्या लेकराला अचानक आवाज झाला की अंग दचकून आखडतं. फेकायच्या बेतात असताना "शाब्बास!" म्हणून ओरडलात की चेंडू गेला भलतीकडं. आमची सगळी शाळा हे शिकली. चेंडू सुटेपर्यंत चिडीचूप, मग गोंधळ. थंडीत सकाळी अंग जास्त धरतं, म्हणून आम्ही दुपारच्या सुट्टीनंतर खेळतो. एप्रिल-मेच्या उन्हात अर्थातच नाही.

बोचा हा एकच मार्ग नाही. डेन्मार्कमध्ये तीन चाकांची, पॅडल नसलेली एक सायकल निघाली. छातीला टेकू, खाली खोगीर, आणि पायांनी जमीन मागं रेटत धावायचं. त्याला फ्रेम रनिंग म्हणतात. ज्याला वॉकर धरून चार पावलं टाकायला घाम फुटतो, तो त्यावर धावतो. हे साधन आपल्या आयटीआयच्या पोरांना वेल्डिंगचा प्रकल्प म्हणून द्यायला काय हरकत आहे? मापं घ्यायला फिजिओथेरपिस्ट सोबत हवा, एवढी अट. त्यातही खुबा आधी तपासून घ्यावा. या लेकरांत साधारण दर तिघांमागे एकाचा खुबा सरकलेला असतो. पोहणं उत्तमच, फक्त फिट येणाऱ्या लेकराजवळ पाण्यात एक माणूस कायम पाहिजे. पण मराठवाड्यात पोहण्याचं काय सांगावं! पिण्याच्या पाण्याचा टँकर दारात येतो तिथं तलाव कोण भरून ठेवणार.

"आपल्याकडं असं कुणी पुढं जात नाही" म्हणणाऱ्यांना एक नाव पुरे. नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यातलं होनवडज, तिथल्या भाग्यश्री जाधव. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनाला भालाफेकवाल्या सुमित अंतिलसोबत भारताचा झेंडा त्यांच्या हातात होता. त्या एफ-३४ गटात (एफ म्हणजे मैदानी प्रकार, आकडा अपंगत्वाच्या गटाचा) बसून गोळा फेकतात, हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्यांना रौप्य मिळालं. त्यांचं अपंगत्व जन्मजात नाही, पण ३१ ते ३८ हे गट स्नायू ताठ असणाऱ्या, हातपाय आपोआप वळवळणाऱ्या किंवा तोल न राहणाऱ्या खेळाडूंसाठी आहेत, आणि त्यात सेरेब्रल पाल्सीवाले मोठ्या संख्येनं असतात. त्याच पॅरिसमध्ये प्रीती पाल ही उत्तर प्रदेशातल्या शेतकरी घरातली मुलगी टी-३५ गटात (टी म्हणजे ट्रॅक) १०० आणि २०० मीटर धावली आणि दोन कांस्य घेऊन आली. पॅरालिम्पिकच्या ट्रॅकवर भारताची ती पहिली पदकं.

मात्र या नावांचा वापर कसा होतो तेही बघा. भाषणात एक भाग्यश्रीताई सांगायच्या आणि घरोघरची लेकरं ओसरीवर तशीच बसवून ठेवायची. पदक आणणारे थोडेच असणार, जसे धडधाकटांतही थोडेच असतात. गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या पोराला कुणी विचारतं का, "तू देशासाठी खेळणार आहेस का?" मग आमच्याच लेकराच्या खेळाला जिद्द, प्रेरणा असली ओझी कशाला?

आता पैशाचं. प्रत्येक ग्रामपंचायतीनं, नगरपालिकेनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. बहुतेक गावांत त्याचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मार्च आला की माणशी थोडे थोडे वाटायचे आणि सह्या घ्यायच्या. कुणाच्या हातातले पैसे काढून घ्या असं मी म्हणणार नाही. ज्या घरात औषधाला पैसे नाहीत तिथं हजार रुपयेही मोठे. पण निधी खर्चाविना पडून राहिला म्हणून ओरड होते, त्याच गावात चेंडूचा एक संच, चार चटया, समाजमंदिराच्या पायऱ्यांना एक उतार आणि आत जाता येईल असं एक संडास होत नाही? संडास मी मुद्दाम लिहिलंय. पोरी मोठ्या झाल्या की त्या एका कारणानं घरी बसतात, खेळ राहतो बाजूला.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळावर स्वतंत्र कलम आहे, ३० वं. मैदानं, साधनं, योजना सगळ्यांत सामावून घ्या असं सरकारला सांगितलंय. संभाजीनगरला विभागीय क्रीडा संकुल आहे, साईचं, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं, केंद्र आहे. पण सेलूच्या, कळमनुरीच्या, भूमच्या आईनं सोळा-अठरा किलोचं लेकरू कडेवर घेऊन एसटीनं तिथं जायचं? कंडक्टर सवलतीचं कार्ड बघेपर्यंत लेकराचा पाय आखडलेला असतो. लातूरजवळ हरंगुळला संवेदना केंद्र सेरेब्रल पाल्सीच्या लेकरांसाठी काम करतं, अशी ठिकाणं आणखी हवीत. पण आठवड्यातून दोनदा खेळायचं तर ते चालत, ढकलत पोचता येईल अशा अंतरावरच पाहिजे. म्हणून मी तालुका आणि गाव म्हणते.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत आमच्या गावी मी हा विषय लेखी देणार आहे: बोचाचं साहित्य, उतार, संडास. तुम्हीही द्या, तोंडी नको, ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (म्हणजे आधीच्या ग्रामसेवकाची) पोच घ्या. पाइप कसा चिरायचा, टोकं घासून गुळगुळीत कशी करायची याचे फोटो उद्या टाकते. मोज्यात ज्वारी भरणार असाल तर कडुनिंबाचा पाला घाला, नाहीतर महिन्याभरात सोंडे होतात.