‘कलम ७९ आहे, म्हणून सर्व्हर सुरक्षित आहे’ या दाव्याचा प्रतिवाद

लहान प्रमाणावर ऑनलाइन सेवा चालवणाऱ्यांमध्ये एक मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. त्याचा आशय असा: माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ नुसार तुम्ही केवळ मध्यस्थ, म्हणजे इतरांचा मजकूर साठवणारे किंवा पोहोचवणारे आहात, त्यामुळे ग्राहकाने गुन्हा केला तरी तुमचे यंत्र जप्त होत नाही, वॉरंटशिवाय पोलीस त्याला हात लावू शकत नाहीत, नेलेच तर प्रत काढून लगेच परत द्यावे लागते, आणि सारे क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दुसऱ्या कंपनीच्या यंत्रांवर, ठेवले तर प्रश्नच उरत नाही. पतसंस्था, शिकवणीवर्ग आणि दुकानदार यांचे ईमेल व हिशेब घरच्या दोन सर्व्हरवर (ग्राहकांना सेवा पुरवणाऱ्या संगणकांवर) सांभाळणारे लोक या मजकुरावर विसंबून बॅकअपचा खर्च टाळतात, ही गोष्ट मला फार चिंताजनक वाटते.

पहिले विधान दोन निरनिराळ्या प्रश्नांची गल्लत करते. कलम ७९ ग्राहकाच्या मजकुराबद्दलच्या दायित्वापासून संरक्षण देते, आणि तेही योग्य ती दक्षता घेतली असेल तरच. जप्तीचा अधिकार मात्र भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ मधून, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ मधून येतो. ज्या परिस्थितीत वस्तू सापडली तिच्यावरून गुन्ह्याचा संशय निर्माण होत असेल, तर पोलीस अधिकारी ती ताब्यात घेऊ शकतो. वस्तूचा मालक आरोपी असला पाहिजे, अशी अट तेथे नाही. म्हणजे शेवटी निर्दोष ठरणाऱ्या माणसाचाही सर्व्हर तपासाच्या काळात पोलीस ठाण्यात असू शकतो. अमेरिकेत हे फार पूर्वी घडून गेले आहे. १ मार्च १९९० रोजी टेक्सासमधील ऑस्टिन येथे सीक्रेट सर्व्हिस या केंद्रीय तपास यंत्रणेने स्टीव्ह जॅक्सन गेम्स या छोट्या प्रकाशनसंस्थेतून तीन संगणक आणि तीनशेहून अधिक डिस्क उचलून नेल्या. त्या संस्थेच्या संदेशसेवेवर, ज्यांचा तपासाशी काहीही संबंध नव्हता अशा सभासदांच्या, न वाचलेल्या १६२ खासगी ईमेल होत्या. संस्थेवर कधीही गुन्हा दाखल झाला नाही. न्यायालयाने १९९३ मध्ये नुकसानभरपाई मंजूर केली, परंतु तोपर्यंत तीन वर्षे उलटली होती आणि मधल्या काळात कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करावे लागले होते.

वॉरंटबाबतचे विधानही असेच अपुरे आहे. कलम १०६ खालील जप्तीला वॉरंट लागत नाही, आणि त्याच संहितेच्या कलम १८५ नुसार तपास अधिकारी कारणे लेखी नोंदवून वॉरंटशिवाय झडतीही घेऊ शकतो. मात्र कायद्याने घातलेली बंधने सेवाचालकाने नीट जाणून घ्यावीत, कारण ऐन वेळी उपयोगी पडतात ती हीच. कलम १०५ नुसार झडती आणि जप्ती यांचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण झाले पाहिजे, वस्तूंच्या यादीवर साक्षीदारांच्या सह्या हव्यात. कलम १८५ खालील नोंदींच्या प्रती अठ्ठेचाळीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे गेल्या पाहिजेत. पंचनाम्यात ‘काळ्या रंगाचा एक सीपीयू’ एवढीच नोंद होत असेल, तर प्रत्येक हार्ड डिस्कचा अनुक्रमांक आणि शक्य असेल तेथे हॅश मूल्य (डिस्कवरील मजकुरात नंतर बदल झाला का हे ओळखण्यासाठी त्यावरून काढलेला सांकेतिक आकडा) लिहून घेण्याचा शांतपणे आग्रह धरावा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात हॅश मूल्याला स्थान दिलेले आहे, त्यामुळे ही मागणी अवाजवी ठरत नाही.

यंत्र लगेच परत मिळते, हा समज सर्वांत घातक आहे. सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ साली सांगितले की जप्त वस्तू पोलीस ठाण्यात पंधरा दिवस ते फार तर एक महिना, याहून अधिक काळ ठेवू नयेत. पण ती मुदत संपली म्हणून कोणी यंत्र घरी आणून देत नाही. मुद्देमाल परत मिळण्यासाठी दंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज करावा लागतो, आणि डिस्क न्यायसहायक प्रयोगशाळेत गेली असेल तर तिच्या अहवालाची वाट पाहणे आले. शिवाय एकाच डिस्कवर पन्नास ग्राहकांचा मजकूर असेल, तर एकावरील संशयामुळे उरलेल्या एकोणपन्नास जणांचे काम थांबते. याहून गंभीर तरतूद माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७६ मध्ये आहे: ज्या संगणकाच्या बाबतीत त्या कायद्याचे उल्लंघन झाले, तो कायमचा सरकारजमा होऊ शकतो. ज्याच्या ताब्यात तो सापडला ती व्यक्ती उल्लंघनास जबाबदार नाही, अशी न्यायालयाची खात्री झाल्यास सरकारजमा करण्याऐवजी वेगळा आदेश देता येतो, परंतु ती खात्री न्यायालयातच पटवून द्यावी लागते.

क्लाउडबद्दलच्या विधानात तथ्य एवढेच की दूरच्या डेटा सेंटरमधील यंत्र सहसा कोणी तुमच्या घरातून उचलून नेणार नाही. पण खात्यात शिरण्याचा ओटीपी ज्या फोनवर येतो तो फोन आणि ज्यात प्रवेशाच्या डिजिटल किल्ल्या साठवलेल्या आहेत तो लॅपटॉप घरीच असतो. ही दोन साधने गेली, तर सेवा चालू राहूनही चालकाला तिच्यात प्रवेश करता येत नाही. म्हणून बॅकअप आणि प्रवेशाचा दुसरा मार्ग वेगळ्या पत्त्यावर, एखाद्या जबाबदार सहकाऱ्याकडे आधीपासूनच असला पाहिजे. हा मार्ग फक्त सेवा पूर्ववत करण्यासाठी वापरायचा आहे. जप्तीनंतर त्याच मार्गाने नोंदी पुसल्या, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली, पुराव्यासाठी सादर होऊ शकणारा इलेक्ट्रॉनिक अभिलेख नष्ट केल्याचा स्वतंत्र गुन्हा घडतो, आणि तेथे कलम ७९ उपयोगी पडत नाही.