कुरळे केस विंचरायला आपल्याला कुणी शिकवलंच नाही

आठ-नऊ वर्षांच्या मुलींच्या केसांचं स्मूदनिंग (रसायनांनी केस सरळ करणं) करू नका. हात जोडून सांगते.

गेल्या आठवड्यात माझ्या लेकीने विचारलं, "आई, मामाच्या लग्नाआधी माझे केस सरळ करून आणायचे ना?" तिसरीत आहे ती. केस माझ्यावर गेलेत, दाट आणि कुरळे, मानेपाशी तर अगदी स्प्रिंगसारखे. वर्गातल्या एका मुलीने दिवाळीच्या सुट्टीत करून घेतलंय म्हणे, आणि "आता तिला कुणी नूडल्स म्हणत नाही." हे शेवटचं वाक्य ती इतक्या सहज बोलली की मला रात्रभर झोप लागली नाही.

मला झिपरी म्हणायचे. लातूरला आमच्याकडे बोअरचं पाणी. साबण लावला की फेस कमी आणि केसांवर पांढरट चिकटा जास्त. रविवारी न्हाणं झालं की केस पूर्ण वाळू द्यायचे आणि मग आजी पाटावर बसवून बारीक दातांची फणी घ्यायची. मुळापासून खाली, एका दमात. फणी मध्ये अडकली की ती दुसऱ्या हाताने डोकं दाबून धरायची आणि ओढायची. ओढताना होणारा तो कर्र आवाज मला अजून ऐकू येतो. वर खोबरेल थापून दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी, कपाळाची कातडी ताणली जाईपर्यंत. आजीला माझा राग नव्हता. तिला एकच धास्ती होती, पोरीच्या डोक्यात जट येईल.

ही धास्ती खोटी नव्हती. कुरळा केस आपल्याच वळणात अडकतो. तो कित्येक दिवस विंचरला नाही की गुंता होतो, गुंत्यात तेल आणि धूळ बसते आणि त्याची जट होते. एवढंच आहे ते. पण आपल्याकडे तिला देवीचं बोलावणं समजून किती मुलींना देवाला सोडलं गेलं, किती बायका मान दुखत असताना ते ओझं वर्षानुवर्षं वागवत राहिल्या! अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आजही घरोघरी जाऊन समजूत घालतात आणि जट कापून देतात. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी हे काम वर्षानुवर्षं स्वतःच्या हातांनी केलंय. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. एका गुंत्याने बाईचं आयुष्य बांधून टाकायचं आणि एका कात्रीने ते सुटायचं, यावरून कुरळ्या केसांबद्दल आपल्याला किती कमी माहिती होती ते दिसतं.

साखरपुड्याआधी मी स्मूदनिंग केलं. साडेचार तास. नाकातोंडात शिरणारा वास, डोळ्यांची आग, आणि "ताई, तीन दिवस केस कानामागेसुद्धा घ्यायचे नाहीत" अशी ताकीद. सगळ्यांनी कौतुक केलं, मलाही छान वाटलं, ते मी नाकारत नाही. तीन-चार महिन्यांनी मुळाशी दोन बोटं कुरळे केस आले आणि खाली काडीसारखे सरळ. बरोबर त्या सांध्यावर केस तुटायला लागले. उशीवर, खांद्यावर, पोळीच्या कणकेत. पार्लरमध्ये विचारलं तर उत्तर मिळालं, "टचअप करावं लागतं." म्हणजे परत तेच.

पुढे समजून घेतलं की केस सरळ होतो म्हणजे काय होतं. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो आणि त्यातले गंधकाचे बंध त्याला त्याचा आकार देतात. स्मूदनिंगचं क्रीम ते बंध तोडतं, इस्त्री केस ताणून सरळ करते आणि दुसरं औषध बंध नव्या जागी जोडतं. केसाचं वळण मात्र टाळूच्या आत, केसाच्या मुळाच्या पिशवीत ठरतं. ती वाकडी, म्हणून केस कुरळा. तिथे कुठलंच क्रीम पोहोचत नाही. त्यामुळे ज्याला "परमनंट" म्हणतात ते नवा केस उगवेपर्यंतच टिकतं.

आणि "केराटिन ट्रीटमेंट" म्हणजे केसांना खाऊपिऊ घालणं नव्हे. यातल्या बऱ्याच द्रव्यांतून गरम इस्त्रीखाली फॉर्माल्डिहाइड बाहेर पडतं, आणि त्याने माणसाला कॅन्सर होतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेचं स्पष्ट म्हणणं आहे. म्हणून ग्लायऑक्सिलिक ॲसिडची क्रीमं आली. तर मार्च 2024 मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात 26 वर्षांच्या एका बाईच्या आजाराची नोंद छापून आली. 2020, 2021 आणि 2022, तिन्ही वर्षी केस सरळ करून आल्यावर तिच्या किडनीला इजा झाली. त्या क्रीममध्ये 10 टक्के ग्लायऑक्सिलिक ॲसिड होतं. अमेरिकेत 33,497 बायकांना सुमारे 11 वर्षं तपासत राहिलेला एक अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. केस सरळ करायची रसायनं कधीच न वापरणाऱ्यांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण 1.64 टक्के निघालं, वारंवार वापरणाऱ्यांमध्ये 4.05 टक्के. रसायनानेच झाला असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही, आणि एकदा केलं म्हणून कुणी घाबरून जाऊ नये. पण आठ वर्षांच्या मुलीला आजपासून त्या रांगेत उभं करायचं का, हा प्रश्न मला पडतो.

त्या अभ्यासात अशी रसायनं वापरणाऱ्या बायकांपैकी सुमारे 60 टक्के कृष्णवर्णीय होत्या. त्यांच्यावर या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या जुलूम झालाय. 1786 मध्ये लुइझियानाच्या स्पॅनिश गव्हर्नरने त्यांच्यातल्या गुलाम नसलेल्या बायकांना केस फडक्याने झाकायला लावले होते. केसांच्या ठेवणीवरून शाळेत आणि नोकरीत भेदभाव करू नये, असा कायदा कॅलिफोर्नियाने केला तो 2019 मध्ये. आणि आज आपण कुरळ्या केसांची म्हणून जी काळजी घेतो, ओले असताना सोडवणं, रात्री साटन बांधणं, त्यातलं खूप काही या बायकांनी आपल्या स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात शोधून काढलेलं आहे. मी त्यांचेच व्हिडिओ बघून शिकले. हे ऋण मोकळेपणाने मान्य करायला हवं.

काय शिकले? कुरळा केस कोरडा असताना फणी लावायचीच नाही. टाळूचं तेल सरळ केसावरून टोकापर्यंत उतरतं, कुरळ्यात वळणावळणावर अडतं. म्हणून टोकं कायम तहानलेली असतात. न्हायच्या आधी तासभर तेल. शाम्पू फक्त टाळूला, आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. मग भरपूर कंडिशनर लावून, केस ओलेचिंब असताना आधी बोटांनी आणि नंतर रुंद दातांच्या फणीने, टोकाकडून वर वर सरकत सोडवायचे. लेकीच्या केसांना वीस मिनिटं लागतात. ती स्टुलावर बसून पाढे म्हणते. एकदाही रडत नाही.

मग जवस. हो, आपल्या चटणीचेच. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद गॅसवर ढवळत राहायचं. आधी नुसता फेस येतो आणि मग अचानक चमच्यावरून तार सुटायला लागते. तेव्हाच बंद करून गरम असतानाच गाळायचं, गार झालं की ते फडक्यातून उतरत नाही. अंड्याच्या पांढऱ्यासारखं दिसतं. पाणी निथळत असलेल्या केसांवर चोपडून केस खालून मुठीत धरून दाबायचे. चुळुक चुळुक आवाज येतो, लेकीला तो फार आवडतो. मग टॉवेलने खसाखसा न पुसता जुन्या मऊ पंच्याने टिपायचे आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. वाळल्यावर कडक पापडी होते. हातावर दोन थेंब तेल घेऊन ती चुरगाळली की बटा मोकळ्या होतात. उरलेलं फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं.

घरगुती म्हणजे सगळंच चांगलं, असंही मला म्हणायचं नाही. लिंबू आणि खायचा सोडा केसांना लावू नका. शिकेकाईची भुकटी थेट डोक्यावर घातली की कुरळ्या केसांतून निघता निघत नाही, उकळून गाळून घ्या.

आणि मोठ्यांनो, लग्नाकार्यात भेटलेल्या पोरीला "काय गं, आज केस विंचरले नाहीस का?" हे विचारणं आता थांबवा. ती विंचरून आलेली असते. मला एका मुलाखतीनंतर "पुढच्या वेळी जरा केस नीट करून या" असं सांगितलं होतं. त्या दिवशी मी पाऊण तास आरशासमोर घालवला होता.

लेकीला अजून पूर्ण पटलेलं नाही. सरळ केसांत परकर-पोलकं जास्त छान दिसेल असं तिचं म्हणणं आहे, आणि तिच्यावर जबरदस्ती करून मला केसांचं प्रेम शिकवायचं नाही. आमचं एवढं ठरलंय की केस मोकळे सोडायचे आणि एका बाजूला अबोलीचा गजरा. कुरळ्या केसांत गजरा एका पिनेवर बसतो, हे तिने परवा आरशासमोर दोनदा करून बघितलं. लग्न गुरुवारी आहे. बुधवारी संध्याकाळी न्हायचं, जवस काढून ठेवलेत.