ताट घेऊन मागे धावणं बंद करा

गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भेटा नाहीतर लग्नाच्या हॉलात, तीन-चार वर्षांच्या मुलाच्या आईचं गाऱ्हाणं ठरलेलं. "आमचो बाबू कायच खायना गे!" मग सकाळपासून पोटात काय गेलं ते विचारावं. उठल्याउठल्या चॉकलेट पावडरीचं दूध, दहाला बिस्किटं, मध्येच आजीने कौतुकाने दिलेला चिप्सचा पुडा, वर परत दूध. एवढ्यावर दुपारी भात-हुमण (माशांची आमटी) समोर आलं की कोण खाणार? मी तरी खाईन का?

दूध चांगलंच, पण दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर गेलं की जेवणाची जागा तेच घेतं. त्यात लोह जवळजवळ नाहीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) गोव्यातल्या पाच वर्षांखालच्या निम्म्याहून जास्त मुलांत रक्त कमी आढळलं, ते उगाच नाही. आणि त्या पावडरी! एप्रिल 2024 मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना त्या 'हेल्थ ड्रिंक'च्या रकान्यातून काढायला सांगितलं. आमच्याकडे अजून फडताळात पहिला मान त्यांचाच.

दुसरं म्हणजे भूक खरोखरच कमी होते. पहिल्या वर्षात बाळाचं वजन तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वर याच वयात अनोळखी पदार्थ दिसला की तोंड घट्ट मिटतं. हट्ट नव्हे, वयच तसं.

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंची वाटणी मला पटते. काय, कधी आणि कुठे वाढायचं ते मोठ्यांनी ठरवावं. खायचं की नाही आणि किती, ते मुलाने. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. काय हवं ते पोर सांगतं आणि किती खायचं ते मोबाईलवरचं कार्टून संपेपर्यंत आई भरवत ठरवते.

माझ्या मते मुलांसाठी वेगळा स्वयंपाक हाच मोठा घोटाळा आहे. उकड्या तांदळाची पेज, अळसांद्याचं तोणाक (चवळीची रश्श्याची उसळ), तांबडी भाजी (लाल माठ), यात मुलांना न चालणारं काय आहे? तिखट घालण्याआधी वाटीभर बाजूला काढा. काट्यांची भीती वाटत असेल तर बांगड्याऐवजी इसवणाचा (सुरमईचा) तुकडा घ्या आणि तोही बोटांनी चाचपून द्या. आमच्याकडे तांबडी भाजी कितीतरी दिवस ताटाच्या कडेला नुसती पडून असायची. कुणी "खा" म्हणायचं नाही, हे सगळ्यात कठीण, सासूबाईंना तर फारच. मग एक दिवस भात गुलाबी होतो म्हणून लेकीने तो स्वतः कालवला. दोन घास खाल्ले, बाकीचा टाकला. चालतंय. नवीन चव जिभेवर बसायला आठ-दहा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते. आपण तिसऱ्या वेळी "तिला आवडत नाही" म्हणून शिक्का मारतो.

"भाजी संपव, मग आइस्क्रीम" हेही सोडा. त्याने भाजी शिक्षा ठरते आणि आइस्क्रीम बक्षीस.

हे सगळं धडधाकट, खेळत्या मुलांबद्दल. वजन घटत असेल, घास गिळताना सारखा ठसका लागत असेल किंवा मूल दोन-तीन पदार्थांपलीकडे जातच नसेल, तर सरळ बालरोगतज्ज्ञांकडे जा. तिथे माझ्या पोस्टचा काही उपयोग नाही.